‘सॉलिड’ गेला, ‘भारी’ राहिला

मिसळ कशी होती, एवढंच विचारा आणि उत्तराकडे कान द्या. ‘फस्क्लास’ म्हणणारे आजोबा, ‘झकास’ म्हणणारे काका, ‘सॉलिड होती यार’ म्हणणारी मावशी, ‘सही’ म्हणणारा थोरला चुलतभाऊ, ‘नाद खुळा’ म्हणणारा त्याच्याहून धाकटा आणि नुसतं ‘कडक’ म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालणारं शेंडेफळ. मिसळ एकच, तर्रीही एकच. पण त्या एका शब्दावरून माणूस दहावीला कधी होता, याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. एकच शब्द असा आहे की तो यातल्या कुणाच्याही तोंडी आला तरी खटकत नाही. तो म्हणजे ‘भारी’. बाकीचे आले, गाजले, मागे पडले. हा कधी आला ते कुणाला आठवत नाही, आणि तो जायचंही नाव घेत नाही. असं का होतं, याचा भाषेच्या आणि समाजाच्या अभ्यासकांनी बराच शोध घेतलाय. त्यातलं मराठीला जे लागू पडतं तेवढं इथे सांगतो.

कौतुकाचे शब्द आधी घेऊ, कारण सगळ्यात लवकर झिजतात तेच. ते येतात कुठूनही. ‘फस्क्लास’ रेल्वेच्या डब्यातून आणि परीक्षेच्या निकालातून आला. ‘ए-वन’ त्याहून लांबून आला. लंडनच्या लॉइड्स रजिस्टरमध्ये जहाजांची प्रतवारी लावत. सांगाडा उत्तम असेल तर ‘ए’, आणि नांगर, दोरखंड, डोलकाठ्या वगैरे सामान चोख असेल तर ‘एक’. जहाजाचा विमा उतरवणाऱ्यांची ही खूण फिरत फिरत आपल्या तालुक्याच्या गावी ‘ए-वन टेलर्स’च्या पाटीवर येऊन बसली. ‘अफलातून’ म्हणजे तर साक्षात ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. अरबीत त्याला अफलातून म्हणतात. तिथून फारसी-उर्दूच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि थोर विद्वानाचा नुसता ‘भन्नाट’ होऊन गेला. ‘झकास’ आपलाच. पण १९८५ मध्ये अनिल कपूरने तो हिंदी पडद्यावर आणला आणि मराठीचं अक्षर न कळणाऱ्यांच्याही तोंडी बसवला.

आता हे शब्द का झिजतात? कौतुक करताना माणूस गरजेपेक्षा चढ्या आवाजात बोलतो. ‘चांगलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बरंच असेल. म्हणून ‘फार चांगलं’. तेही सगळे म्हणायला लागले की ‘जाम चांगलं’, मग ‘लय भारी’, मग ‘बेक्कार भारी’. जोर दाखवणारा शब्द जितका वापरात येतो तितका त्याचा जोर कमी होतो आणि नव्याची गरज पडते. रिका इतो आणि साली टॅग्लियामॉन्टे या दोन भाषाभ्यासकांनी २००३ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या लोकांच्या बोलण्याचा असा अभ्यास प्रसिद्ध केला होता. वेगवेगळ्या वयाची माणसं ‘खूप’ या अर्थी कोणता शब्द वापरतात, एवढंच त्यांनी मोजलं. पिढीनुसार आवडता शब्द बदलत गेलेला दिसला, पण जुने शब्द समूळ गेले नव्हते. ते कोपऱ्यात बसून होते, आणि काही तर कैक वर्षांनी पुन्हा वर आले होते. आपल्याकडेही तेच आहे. ‘भयानक आवडलं’ म्हणणाऱ्याला कसलंही भय वाटलेलं नसतं, आणि ‘बेक्कार हसलो’ यात बेकार काहीच नसतं. मूळ अर्थ उडून जातो, उरतो नुसता जोर. आणि जोराला कधीच पुरेसं वाटत नाही.

पण नुसती झीज म्हटलं तर अर्धंच उत्तर मिळतं. रोज वापरून ‘पाणी’ किंवा ‘जेवण’ हे शब्द झिजत नाहीत. कट्ट्यावरचे शब्द झिजतात, कारण ते अर्थाबरोबर आणखी एक गोष्ट सांगत असतात: मी कुणापैकी आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेलने १९०४ मध्ये फॅशनवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाला एकाच वेळी दोन भुका असतात. आपल्या लोकांसारखं दिसावं ही एक, आणि बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसावं ही दुसरी. फॅशन दोन्ही भागवते, आणि म्हणूनच ती टिकत नाही. बाकीच्यांनी ती उचलली की दुसरी भूक पुन्हा उपाशी. झिमेल कपड्यांबद्दल बोलत होता, पण अकरावी-बारावीच्या पोरांच्या बोलण्याला हे जसंच्या तसं लावता येतं. बाबांनी एके दिवशी जेवताना ‘आमटी कडक झालीय’ म्हटलं की ‘कडक’च्या घसरणीला सुरुवात झाली असं समजावं. पोरं तोंडावर काही बोलत नाहीत, नजरेने बोलतात.

हे ‘आपल्यातलं’पण कुठून सुरू होतं ते पाहायचं तर बंद दाराच्या आत जावं लागतं. बरेचसे रांगडे शब्द जन्मतात ते लपवण्यासाठी. जनावरांच्या बाजारात दलाल अजूनही रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. उभ्या बाजारात सौदा होतो आणि शेजारच्याला आकडा कळत नाही. शाळेत मुलं ‘च’ची भाषा बोलतात ती बाईंना कळू नये म्हणूनच. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ मध्ये कलकत्त्यात ‘रामसीआना’ नावाचं पुस्तक छापलं. ठगांची म्हणून जी गुप्त बोली सांगितली जाई, तिचा तो शब्दकोश. ठगांबद्दलच्या इंग्रजांच्या वर्णनात खरं किती आणि रंगवलेलं किती, यावर इतिहासकारांचे वाद आहेत, ते राहू द्या. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. गुप्त भाषेचा शब्दकोश छापला गेला की ती गुप्त भाषा उरत नाही. छपाई हाच तिचा मृत्यूचा दाखला.

मुंबईच्या गुन्हेगारी जगातले शब्द याच वाटेने गेले, पण मेले मात्र नाहीत. ‘सुपारी’ घ्या. मूळ प्रथा साधी, गावाकडची. कुणाला काही काम सांगायचं, कार्याला बोलवायचं, तर सुपारी द्यायची. ती घेतली म्हणजे शब्द दिला. तमाशाचे फड, बँडवाले, कीर्तनकार आजही ‘सुपारी घेतात’ म्हणजे कार्यक्रमाचा करार करतात, विसार घेतात. जत्रांचा हंगाम जवळ आला की पुणे जिल्ह्यात नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला तिथे येतात. त्यात वाईट काही नाही. मुंबईच्या टोळ्यांनी हाच शब्द माणूस मारण्याच्या कंत्राटासाठी उचलला. पोलिसांनी तो नोंदला, वर्तमानपत्रांनी छापला, हिंदी सिनेमाने देशभर नेला. आता शहरातल्या मुलाला ‘सुपारी’ म्हटलं की आधी पिस्तूल आठवतं. नारायणगावात मात्र तोच शब्द दोन्ही अर्थांनी सुखाने नांदतो, आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

‘पेटी’ आणि ‘खोका’ यांची गोष्ट अजून मजेची. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. फोनवर आकडा उघड बोलायचा नाही, म्हणून ही सोय. ती खंडणीखोरांकडून बिल्डरांकडे गेली, सिनेमावाल्यांकडे गेली, आणि शेवटी पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला कळली. म्हणजे सांकेतिक शब्द म्हणून निकामी झाली. पण तोपर्यंत तिला दुसरं काम मिळालं होतं. ‘कोटी’ हा हिशेबाच्या वहीतला शब्द, तर ‘खोका’ म्हटलं की काहीतरी टेबलाखालचं आहे हे न सांगता कळतं. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली तेव्हा ‘खोके’चा अर्थ कुणालाच विचारावा लागला नाही. ज्यांच्यावर आरोप होता त्यांनी तो फेटाळला, आणि फेटाळतानाही शब्द ‘खोके’च वापरावा लागला. एकेकाळी लपवण्यासाठी काढलेला शब्द आता सगळ्या राज्याला ऐकू जावा म्हणून ओरडला जात होता.

आता पसरण्याकडे. एका कट्ट्यावरचा शब्द दुसऱ्या कट्ट्यावर जातो कसा? आपण म्हणू, मित्रांकडून. पण जिवलग मित्र एकमेकांना नवं काही फारसं देत नाहीत. त्यांचे शब्द आधीच एक झालेले असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक लेख लिहिला, तो पुढे फार गाजला. नवी माहिती आपल्यापर्यंत येते ती घट्ट नात्यांतून कमी आणि तोंडओळखीतून जास्त, असं त्याचं सूत्र. मामेभाऊ, होस्टेलचा रूममेट, बदलीवर आलेला सहकारी, अशी माणसं दोन कळपांच्या मधे उभी असतात आणि एकीकडचं दुसरीकडे नेतात.

हे पाहायला पुण्यातली सदाशिव पेठ, नारायण पेठ उत्तम. एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं-पोरी तिथल्या अभ्यासिकांमध्ये राज्यभरातून येतात. एका टेबलावर लातूरचा, त्याच्या शेजारी कोल्हापूरची, पलीकडे बुलढाण्याचा. चहाच्या टपरीवर कोल्हापूरचा ‘भावा’ आणि विदर्भाचा ‘बे’ समोरासमोर येतात. पहिला महिना एकमेकांच्या बोलण्याला हसण्यात जातो. पुढे लातूरकराच्या तोंडून नकळत ‘नाद खुळा’ निघतं. दिवाळीला तो गावी गेला की तो शब्द त्याच्या धाकट्या भावाच्या शाळेत पोचतो. आणि ‘पोस्ट निघाली’, ‘पोस्ट काढली’, म्हणजे परीक्षेतून नोकरी मिळाली, हे अभ्यासिकेतलं बोलणंही त्याच्याबरोबर गावी जातं. म्हातारी आजीसुद्धा ‘पोराची पोस्ट निघंना’ म्हणायला लागते. कोल्हापूरच्या तालमी आणि तिकटीवरचे शब्द राज्यभर गेले त्यात फेसबुक, रील्सचा मोठा वाटा आहेच. गाड्यांच्या मागच्या काचा आणि चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्सही मोजायला हवेत. मराठी बोलीचा खरा संग्रह त्या फ्लेक्सवर आहे, आणि तो दर महिन्याला रद्दीत जातो याचं मला वाईट वाटतं.

पसरण्याचा वेगही सरळ रेषेत वाढत नाही. आधी बराच काळ काहीच घडत नाही. मग अचानक सगळीकडे तोच शब्द, मग वाढ थांबते. कागदावर काढलं तर आडव्या ताणलेल्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी रेघ दिसते. ही रेघ नावारूपाला आली ती शेतीच्या अभ्यासातून. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी संकरित मक्याचं बियाणं कसं स्वीकारलं, याचा अभ्यास १९४३ मध्ये रायन आणि ग्रॉस यांनी प्रसिद्ध केला. बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती. पण पेरायचं धाडस झालं ते शेजाऱ्याने पेरल्याचं पाहिल्यावर. एव्हरेट रॉजर्सने १९६२ च्या पुस्तकात हाच नियम औषधांपासून यंत्रांपर्यंत सगळ्या नव्या गोष्टींना लावून दाखवला. शब्दांचंही तसंच. रील पाहून शब्द कळतो. तोंडात बसतो तो समोरच्या बाकावरचा मुलगा तो बोलला की.

मक्यात आणि शब्दात एक फरक मात्र आहे. मका वरच्या टोकाला पोचून तिथे स्थिर होतो. शब्द तिथून खाली येतो, आणि किती वेगाने येतो हे तो किती वेगाने चढला यावर बरंचसं ठरतं. जोना बर्जर आणि गाएल ल मेन्स यांनी २००९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेत शंभरहून अधिक वर्षांत मुलांना ठेवलेल्या नावांचा हिशेब मांडला. जी नावं झपाट्याने लोकप्रिय झाली तीच झपाट्याने पडली, आणि हळूहळू वर आलेली नावं रेंगाळली. होऊ घातलेल्या आईबापांशी बोलल्यावर कारणही कळलं. एखादं नाव फारच पटकन सगळीकडे दिसायला लागलं की लोकांना ते तात्पुरतं खूळ वाटतं, आणि आपल्या मुलाला खुळाचं नाव कोण ठेवेल? मराठी घरांत नावांची लाट कशी येते-जाते हे आपल्याला नवीन नाही. एकाच वर्गात पाच-पाच आर्यन असण्याची वर्षं येऊन गेली. मुलांच्या नावांचं निदान सरकारदरबारी रेकॉर्ड असतं. बोलण्यातल्या शब्दांचं तेवढंही नसतं, म्हणून अभ्यासक नावांकडे वळतात.

घसरणीची आणखीही कारणं आहेत, ती पटकन सांगतो. कधी वस्तूच जाते आणि शब्द अनाथ होतो. ‘मिस कॉल मार’ हे वाक्य दहा-पंधरा वर्षं महाराष्ट्राच्या श्वासात होतं. एक मिस कॉल म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’, असे घरोघरी करार होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, कॉलचे पैसे लागेनासे झाले आणि हे अख्खं व्याकरण मोडीत निघालं. कधी शब्दाला जाहिरात लागते. बँकेच्या होर्डिंगवर ‘नाद खुळा व्याजदर’ दिसला की त्या शब्दाला कॉलेजात जायची लाज वाटायला लागते. आणि कधी ज्यांच्याबद्दल तो शब्द वापरला जातो त्या माणसांनाच बोलायची संधी मिळते. मुलींसाठीचे ‘आयटम’, ‘सामान’, ‘छावी’ हे शब्द एकेकाळी कट्ट्यावर बिनदिक्कत चालत. आता ते बोलणाऱ्याकडे आजूबाजूचे वळून बघतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या विशेष पॉक्सो न्यायालयाने अल्पवयीन मुलीला ‘आयटम’ म्हणून छेडणाऱ्या तरुणाला दीड वर्षाची शिक्षा दिली, आणि हा शब्द मुलीला वस्तू ठरवतो असं निकालात म्हटलं. हे शब्द कंटाळा येऊन गेलेले नाहीत. त्यांना घालवलं गेलं, आणि ते बरंच झालं.

इथपर्यंत सुटे शब्द झाले. पेटंट वाक्यांची जात वेगळी. शब्द आपलं गाव विसरू शकतो. ‘अफलातून’ म्हणताना प्लेटो आठवावा लागत नाही. वाक्याला मात्र त्याचा माणूस, त्याचा सूर, तो प्रसंग, सगळं बरोबर घेऊन फिरावं लागतं.

जून २०२२ चंच बघा. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून आपल्या कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. संभाषण बाहेर आलं आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओकेमधी’ हे राज्याचं वाक्य झालं. राज्यात सरकार राहतंय की पडतंय अशा दिवसांत माणूस झाडी आणि डोंगर सांगतोय, ही विसंगती तर होतीच. पण त्या वाक्याची घडणही बघण्यासारखी आहे. ‘काय’ तीनदा येतं, दर वेळी मागे नवी वस्तू. आधी झाडं, मग डोंगर, आणि तिसऱ्या पायरीवर निसर्ग सोडून एकदम हाटील. हसू तिथे फुटतं. ‘डोंगार’ आणि ‘हाटील’मधले माणदेशी सूर लेखणीला नीट पकडता येत नाहीत, ते कानानेच घ्यावे लागतात. शेवटी ‘ओकेमधी’ हा इंग्रजी शब्दाला मराठी प्रत्यय. शिवाय हा एक तयार साचा आहे. ‘काय रस्ते, काय खड्डे’, ‘काय मटण, काय रस्सा’, हवं ते भरा. साचा असलेलं वाक्य जास्त जगतं, कारण लोकांना त्यात आपलं काहीतरी घालता येतं. गाणी झाली, मीम्स झाली, आणि दोनच महिन्यांत विरोधकांच्या खोक्यांच्या घोषणेत ‘एकदम ओके’ जाऊन बसलं. मग वाक्य जसं चढलं तसंच उतरलं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शहाजीबापू हरले, तोवर ते वाक्य कुणी फारसं उच्चारत नव्हतं.

याच्या उलट दुसऱ्या एका राजकीय भानगडीतलं वाक्य अडीचशे वर्षं चालू आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या हुकमाचं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं अशी कथा. ती खरी किती यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण ‘ध चा मा’ झाला तो झालाच. कारकुनाने नावात चूक केली तरी ध चा मा, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप उलटा पोचला तरी ध चा मा. १७५८ च्या स्वारीतलं ‘अटकेपार झेंडे’ आज अमेरिकेत शिकायला गेलेल्या भाच्याच्या सत्कारात निघतं. १७६१ नंतर ‘पानिपत’ हे गाव राहिलंच नाही, तो पराभवाचा दुसरा शब्द झाला, आणि क्रिकेटच्या मथळ्यांना तो फार आवडतो. हे टिकले याचं कारण इतिहासाचं प्रेम हे नाही. यांचे प्रसंग गळून पडले आणि मागे एक उपयोगी हत्यार उरलं. जरासा फेरफार आणि त्यातून झालेला मोठा अनर्थ, एवढं सगळं सांगायला ‘ध चा मा’इतकं आटोपशीर दुसरं काही मराठीत नाही. ‘काय झाडी’ने कोणतं काम केलं? हसवलं. तेही काम आहे, पण ते करायला दर आठवड्याला नवा उमेदवार उभा असतो.

मधली एक तऱ्हा आहे ती सिनेमाच्या वाक्यांची. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. त्यातलं ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता ती मुलं आज म्हणतात. टीव्हीवर सिनेमा पुन्हा पुन्हा लागत राहिला आणि पुढे मीमवाल्यांना आयता खजिना सापडला, म्हणून हे घडलं. पण ते वाक्य वापरताना प्रत्येक जण तो आवाज काढून म्हणतो, आणि समोरच्याने ओळखावं अशी त्याची अपेक्षा असते. म्हणजे ते भाषेत मुरलेलं नाही. ते अजून उद्धृतच केलं जातं. मुरणं वेगळं.

मुरतं काय, याचा एक अंदाज अमेरिकी भाषाभ्यासक अ‍ॅलन मेटकाफने २००२ मध्ये मांडला. नव्या शब्दांचं भविष्य कशावरून सांगावं, असा त्याचा विषय होता. त्याने पाच कसोट्या दिल्या. शब्द किती वेळा वापरला जातो, किती तऱ्हेची माणसं तो वापरतात, त्यातून आणखी शब्द आणि अर्थ फुटतात का, तो ज्या वस्तूचं नाव आहे ती टिकणार का. आणि पाचवी, मला सगळ्यात पटलेली: तो शब्द लक्ष वेधून घेतो का. घेत असेल तर फार दिवस राहत नाही. चमचमीत, विनोदी, हुशार शब्दांना टाळ्या मिळतात. ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते मुक्काम करतात.

‘भारी’ला या कसोट्या लावा. तो आधीपासूनच घरात होता. ‘भारी साडी’, ‘भारीतलं कापड’, म्हणजे किमती. ‘त्याला ते भारी पडलं’, म्हणजे झेपलं नाही. कौतुकाचा अर्थ त्याच्या पोटातून कधी निघाला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण शब्द ओळखीचाच होता. ‘सॉलिड’चा तोरा वेगळा. तो इंग्रजी, नवा, कॉलेजच्या गेटातून थेट आत आलेला. लक्ष वेधून घेतलं आणि वेळ झाल्यावर गेला. गेला म्हणजे अगदी नाहीसा नाही झाला. १९९० च्या आसपास नोकरीसाठी अमेरिकेला गेलेल्या मराठी मंडळींकडे तो हमखास भेटतो. जाताना सोबत नेलेली बोली तिथे वेष्टनात राहिली, कारण ती बदलायला भोवती कट्टाच नव्हता. तंजावरच्या मराठी घरांत तर दोन-तीनशे वर्षांपूर्वीची रूपं या ना त्या आकारात ऐकू येतात.

मेटकाफची फुटव्यांची कसोटीही महत्त्वाची. ‘वाट लागली’तून ‘वाट लावली’ निघालं आणि सकर्मक-अकर्मक अशी जोडी पुरी झाली, मग त्याला कोण हलवणार? ‘टाइमपास’ला तर मुंबईच्या लोकलमध्ये चणे-शेंगदाणे विकणाऱ्यांनी थेट वस्तूचं नाव करून टाकलं. आणि ‘मारणे’ हे क्रियापद म्हणजे कट्ट्यावरच्या शब्दांची धर्मशाळाच आहे. कल्टी मारणे, लाइन मारणे, बंक मारणे, बंडल मारणे, फंडे मारणे. आलेल्या कुणालाही तिथे जागा मिळते. बाहेरचा शब्द एकदा ‘मारणे’ किंवा ‘करणे’च्या शेजारी बसला की काळ, वचन, पुरुष हे सगळं त्याला फुकटात मिळतं. ‘बोअर’ असाच आला. ‘बोअर होतंय’, ‘बोअर करू नको’, आणि आता साठीच्या माणसालाही तो परका वाटत नाही.

म्हणून रील्समधून सध्या येणाऱ्या शब्दांपैकी कोण राहील हे ओळखायचं असेल तर ते कितीदा ऐकू येतात हे मोजू नये. मराठी त्यांना कशी वागवतेय ते बघावं. ‘क्रिंज’ला फार त्रास झाला नाही. ‘क्रिंज वाटतंय’, म्हणजे बघूनच ओशाळायला होतंय, असं म्हणताना तो ‘बोअर’च्या शेजारी निमूट जाऊन बसला. ‘व्हाइब’चं लिंगही ठरून गेलंय, कुणी समिती न नेमता. ‘कसली भारी व्हाइब होती’ असंच पोरं म्हणतात, ‘कसला भारी व्हाइब’ असं मी तरी अजून ऐकलेलं नाही. ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून निवडलेला ‘रिझ’, म्हणजे समोरच्याला भुरळ घालायची हातोटी, मात्र अजून दारातच उभा आहे. ‘त्याच्यात रिझ आहे’ एवढं म्हणून पोरं पुढे सरकतात. तो रिझ, ती रिझ की ते रिझ, हे ठरवायची वेळ त्यांनी अजून येऊच दिलेली नाही.